ब्रश फिरवला की केस आणखी पिंजारतात: नमुन्यात नेमकं काय चुकतंय ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: केस बसवणारा ब्रश केला, पण फिरवल्यावर केस उलट जास्त पिंजारले. मग दाते वाढवले जातात, मधे राठ केसांचे झुपके घातले जातात, गादी मऊ केली जाते. पुढचा नमुना आठवडाभर बरा वाटतो आणि तीच तक्रार परत दारात उभी राहते.

ती परत येते, कारण पिंजारणं हा एक दोष नाही. चार निरनिराळ्या गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि एकीवरचा उपाय दुसरीला वाढवतो. केस घसरावेत म्हणून दात्यांना टेफ्लॉनचा लेप दिला, तर घर्षण खरोखर कमी होतं, पण स्थिर वीज वाढते. केस तुटू नयेत म्हणून दाते लवचिक केले, तर गुंता न सुटताच ब्रश वरून घसरत जातो. म्हणून साच्याला हात लावायच्या आधी आपल्यासमोर चौघांपैकी कोण आहे ते ठरवायचं.

चार प्रकार ओळखायचे कसे

ब्रश फिरवल्यावर त्याच मिनिटाला पाहा, दहा मिनिटांनी नाही.

स्थिर वीज असेल तर एकेक केस शेजारच्या केसापासून दूर पळतो, टोकं हवेत तरंगतात आणि तळहात जवळ नेला की त्याच्याकडे झुकतात. हातभर अंतरावरून पाण्याचा बारीक फवारा एकदा मारा. भुरभुर क्षणात खाली बसली, तर दोष विजेचा.

फवाऱ्याने फरक पडला नाही आणि आखूड, ताठ केस उभेच राहिले, तर मोडतोड होते आहे. डोक्याखाली केसांच्या रंगाच्या विरुद्ध रंगाचं कापड पसरा आणि पडलेले केस भिंगाखाली पाहा. एका टोकाला पांढुरकी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला केस. असे रोज गळतातच. दोन्ही टोकं गाठीशिवाय असतील तर तो तुटलेला तुकडा, आणि त्याचा हिशेब ब्रशने द्यायचा आहे.

तिसरा प्रकार नागमोडी आणि कुरळ्या केसांचा. बट एकसंध दिसते, कारण तिच्यातल्या केसांची वळणं एकमेकांत बसलेली असतात. कोरडे केस विंचरले की दाते त्यांना सुटं करतात, वळणं मागेपुढे होतात आणि सगळा पसारा सारखा फुगतो. यात ना वीज असते ना तुकडे पडतात. याला दात्यांची कोणतीही रचना कोरड्या केसांवर पुरी पडत नाही. असे केस ओले असताना, कंडिशनर लावून, विरळ दात्यांनीच विंचरायचे असतात. हा दोष आरेखनाचा नसून वापराच्या सूचनेचा आहे.

चौथा हवेतल्या ओलाव्याचा. केस पाणी ओढून घेतो, पूर्ण भिजल्यावर त्याचा व्यास साधारण १५ टक्के वाढतो, लांबी मात्र जेमतेम २ टक्के. दमट हवेत केसातले हायड्रोजन बंध सुटून नव्या जागी जुळतात आणि बसवलेला केस आपल्या मूळ वळणावर परत जातो. ओळखायची खूण अशी की ब्रश न लावलेली बटही अर्ध्या तासात तेवढीच फुगते.

चारही एकाच बैठकीत तपासता येतात. एकाच डोक्यावर चार बटा घ्या: पहिलीला हात लावू नका, दुसरी रुंद दात्यांच्या लाकडी कंगव्याने विंचरा, तिसरीवर नमुना फिरवा, चौथीवर आधी हलका फवारा मारून मग नमुना फिरवा. दुसरी आणि तिसरी सारख्याच फुगल्या तर नमुन्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिसरी बिघडली आणि चौथी चांगली राहिली तर वीज. तिसरी आणि चौथी दोन्ही बिघडल्या, पण दुसरी ठीक, तर दात्याची कड, दात्याचा ताठपणा किंवा दात्यांची दाटी. हे चित्र एका डोक्यावर मिळून भागत नाही. निदान सरळ, नागमोडी आणि रंग उडवलेले केस असे तीन प्रकार हवेत. रंग उडवताना केसाच्या पृष्ठावरचा स्निग्ध आम्लाचा मूळचा थर निघून जातो. असा केस दात्यावर जास्त घासतो, म्हणून ब्रशचे दोष त्याच्यावर आधी दिसतात.

चाचणीची बट

डोक्यावरची चाचणी रोजच्या रोज करता येत नाही, आणि कालचे केस आज तसेच नसतात. २५ सेंटिमीटर लांब, ३ ग्रॅम वजनाच्या, वरून बांधलेल्या बटा घ्या. इथेच पहिला घोटाळा होतो. विकत आणलेल्या नव्या बटेवर बहुधा सिलिकोनचा पातळ थर असतो आणि त्यावर कोणताही ब्रश छान चालतो. कंडिशनर नसलेल्या साध्या शांपूने ती दोन-तीनदा धुवा, टांगून वाळवा आणि मग साधारण २२ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवा. उघड्या हाताने तिला शिवू नका. बोटांचं तेलही निकाल बदलतं.

कोरडी आणि दमट हवा तयार करायला महागडी पेटी लागत नाही. झाकणाच्या घट्ट डब्यात तळाशी मॅग्नेशियम क्लोराइडचं चिखलासारखं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. खाण्याच्या मिठाचं ठेवलं की ७५ टक्के. बट द्रावणाला न लागता वर टांगा आणि रात्रभर राहू द्या. विजेची चाचणी पहिल्या डब्यातल्या बटेवर, ओलाव्याची दुसऱ्या. पावसाळी हवेत पास झालेला ब्रश कोरड्या थंडीत नापास होतो तो बहुतेकदा पहिला डबा वगळल्यामुळे.

बट एका स्टँडला टांगा आणि तो स्टँड स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर ठेवा. काटा शून्यावर आणून ब्रश बटेतून खाली ओढला की जेवढा आकडा वाढतो तेवढं ओढीचं बळ. बट तळाच्या मधोमध टांगलेली हवी, नाहीतर स्टँड कलंडतो. आकड्याचा व्हिडिओ घ्या आणि २५ सेंटिमीटरची ओढ दर वेळी दोन ते तीन सेकंदांत पूर्ण करा. घाईने ओढलं की बळही वाढतं आणि वीजही.

आकडे वाचायची पद्धत अशी. ओढभर आकडा चढाच पण सपाट असेल, तर दाटी जास्त किंवा दाते खरखरीत आहेत. अगदी शेवटी, टोकांपाशी एकदम उसळला, तर ब्रश गुंता सोडवत नाही, खाली ढकलत नेतो आहे. मधेमधे करवतीसारखे टोकदार झटके दिसत असतील, तर केस कुठेतरी अडकून सुटतो आहे: दात्यावर साच्याने उमटलेली रेघ, टोकावरच्या गोळीची मान किंवा गादीतलं भोक. या तिसऱ्या आकाराकडे दुर्लक्ष होतं, कारण सरासरी काढली की तो नाहीसा होतो. सरासरी नका काढू, शिखरं मोजा.

दहा ओढींनंतर ठरलेल्या अंतरावरून फोटो घ्या आणि बटेची रुंदी वर, मधे आणि टोकाशी मोजा. एका बटेवर पन्नासेक ओढी झाल्या की ती बाद करा. झिजलेली बट पुढच्या नमुन्यावर अन्याय करते.

थ्रीडी प्रिंटचे दाते फसवतात

केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. फिलामेंट वितळवून छापणाऱ्या यंत्राचा एक थर ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा. म्हणजे छापलेल्या दात्यावरची प्रत्येक पायरी केसाएवढी किंवा त्याहून मोठी असते. केसाच्या पृष्ठावर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले असतात, त्यांची मोकळी कड टोकाकडे असते, आणि या पायऱ्या नेमक्या तिथेच घासतात. असा नमुना केस पिंजारणारच. त्यावरून आराखडा टाकून देणं ही चूक, आणि त्याच्यावर दाते बदलत बसणं ही त्याहून महागडी चूक.

ब्रशचं डोकं छापा, दाते छापू नका. डोक्यात भोकं ठेवा आणि गवत कापायच्या यंत्राची १.३ मिलिमीटरची गोल नायलॉन दोरी किंवा १ मिलिमीटरची जाड मासेमारीची नायलॉन तार त्यांत बसवा. टोक तापलेल्या धातूच्या पट्टीजवळ नेलं की नायलॉन आक्रसून स्वतःच गुळगुळीत गोळी होते. नायलॉन ६ साधारण २२० अंशांना वितळतं, तेव्हा पट्टी त्याहून जास्त तापवा, पण टोक तिला टेकवू नका. टेकलं तर शेपूट निघते आणि ती थिजल्यावर सुईसारखी होते.

वीज: साहित्य आणि वाट

केस बहुतेक प्लास्टिकवर घासला की धन भारित होतो. सगळ्या केसांवर सारखाच भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. भार किती साठतो हे दोन पदार्थ विद्युतीकरणाच्या क्रमात (घासल्यावर कोण धन आणि कोण ऋण भारित होतं त्या यादीत) एकमेकांपासून किती दूर आहेत यावर अवलंबून. नायलॉन केसाच्या जवळ बसतं, रानडुकराचे राठ केस तर आपल्या केसांसारखेच केराटिन या प्रथिनाचे, लाकूड मधे कुठेतरी. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन, सिलिकोन आणि टेफ्लॉन दुसऱ्या टोकाला. सिलिकोनचे मऊ दाते हाताला सुखद लागतात, टाळूला बोचत नाहीत, आणि कोरड्या हवेत बटेची रुंदी वाढवतात. साहित्य निवडताना निसरडेपणा आणि वीज हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले नाहीत, तर हा सापळा दर वेळी लागतो.

दुसरा उपाय म्हणजे आलेल्या भाराला बाहेर जायला वाट देणं. वीज हळूहळू वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा रोध १० लाख ते १०० कोटी ओहमच्या पट्ट्यात ठेवतात. इथे नेहमीची चूक अशी की दाते वाहक केले जातात आणि ते ज्या रबरी गादीत रोवलेत ती पूर्ण रोधक असते. भार दात्यात येतो आणि तिथेच अडकतो. दात्याच्या टोकापासून मुठीवर हात जिथे पडतो तिथपर्यंत एकसंध वाट हवी, त्यात गादी, डोकं आणि मुठीचा रंगसुद्धा धरायचा. मुठीवर दिलेला रबरी मऊपणाचा लेपही ही वाट तोडतो. साध्या मल्टिमीटरने यातला बराचसा पट्टा मोजता येत नाही. मेगर, म्हणजे फार मोठा रोध मोजणारं यंत्र, घ्या आणि टोक ते मूठ असं मोजा, नुसत्या दात्याचं मोजून थांबू नका.

वाट आहे की नाही हे मेगर नसतानाही अंदाजता येतं. मुठीभोवती ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळा आणि तिची एक पट्टी दात्यांच्या बुंध्यांना टेकवून त्याच कोरड्या बटेवर ब्रश फिरवा. रुंदी घटली तर मूळ रचनेत वाट तुटलेली आहे. घटली नाही तर साहित्याची जोडीच चुकली आहे, वाहकता वाढवून उपयोग नाही. शिवाय केस स्वतः विजेचा फार वाईट वाहक. दाता जिथे टेकतो तेवढ्याच जागेचा भार उतरतो, म्हणून शेवटची ओढ सावकाश हवी.

प्लास्टिकमध्ये मिसळायचे स्थिर वीजरोधक दोन जातींचे असतात. स्वस्त जात पृष्ठावर झिरपून हवेतला ओलावा धरते आणि त्या ओलाव्यातून भार वाहून नेते. कोरड्या हवेत, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, ती निम्मीशिम्मी चालते आणि आठ-दहा वेळा ब्रश धुतला की निघून जाते. दुसरी जात प्लास्टिकच्या आत जाळं करून राहते, धुण्याने जात नाही. नवा ब्रश उत्तम आणि महिन्याने भुरभुर सुरू, असं गाऱ्हाणं आलं तर आधी कोणती जात वापरली ते विचारा. काजळी घालून वाहक केलेलं प्लास्टिक टिकतं, पण प्रमाण जास्त झालं तर दाता ठिसूळ होतो आणि फिक्या केसांवर काळा माग सोडतो.

बॅटरीवरच्या आयन ब्रशमध्ये, म्हणजे केसांवरचा भार घालवायला सुईतून ऋण आयन सोडणाऱ्या ब्रशमध्ये, एक खास बिघाड आहे. टेबलावर, वीजपुरवठ्याच्या तारेवर चाचणी घेताना झकास चालतो. बॅटरी घालून हातात धरला की काही सेकंदांत ढिम्म. ऋण आयन बाहेर जात राहिले की ब्रशचं अंग धन भारित होतं, आणि तो भार जायला जागा नसल्यामुळे सुईतून आयन निघणंच थांबतं. टेबलावर ही वाट पुरवठ्याच्या तारेने आपोआप दिलेली असते, म्हणून दोष लपतो. मुठीवर बोटं पडतात तिथे धातूची छोटी चकती द्या आणि ती मोठ्या रोधातून मंडलाच्या सामाईक टोकाला जोडा. सुईच्या आसपास धातूचे दाते नकोत, आयन केसांपर्यंत न पोचता तिथेच उतरतात. वास तिखट, विजेच्या ठिणगीसारखा यायला लागला तर ओझोन होतोय: विद्युतदाब कमी करा किंवा सुईचं टोक बदला.

दात्याची रेघ, गोळी आणि मान

आकड्यांत करवतीचे झटके दिसले की पातळ नायलॉनचा पायमोजा घ्या, हातावर ताणून दात्यांवरून सगळ्या दिशांनी ओढा. जिथे धागा अडकला तिथे केसही अडकणार. मग ती जागा दहापट भिंगातून पाहा.

सगळ्यात जास्त सापडते ती साच्याच्या दोन अर्ध्या भागांमधली रेघ. तिथे ०.०५ मिलिमीटरचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेला प्लास्टिकचा पापुद्रा, सुटला, तरी तो केसाएवढ्या जाडीचं पातं असतो. साचा आडवा उघडत असेल तर ती रेघ दात्याच्या पूर्ण लांबीवर, समोरासमोर दोन बाजूंना येते. निदान ती ओढीच्या दिशेच्या पुढच्या अंगावर येऊ देऊ नका, कारण गुंता तिथेच टेकून सगळ्या जोराने ओढला जातो. डाव्या-उजव्या कुशीवर आलेली रेघ त्यातल्या त्यात सुसह्य. खरा उपाय म्हणजे साचा दात्याच्या लांबीच्या दिशेने उघडायचा, दात्याला प्रत्येक बाजूने अर्धा ते एक अंश उतार द्यायचा. मग दात्यावर रेघच राहत नाही.

या पद्धतीचा स्वतःचा त्रास आहे. दाता हा साच्यात एक खोल, बंद विहीर असतो आणि तिच्या तळाशी हवा कोंडते. टोक अर्धवट भरतं किंवा जळून काळं पडतं, आणि अर्धवट टोकाची कड धारदार निघते. हवा जायला विहिरीच्या तळाशी वेगळी पिन बसवतात. तिच्याभोवतीची फट नायलॉनसाठी ०.०१ ते ०.०२ मिलिमीटरच ठेवा. वितळलेलं नायलॉन फार पातळ असतं, जरा जास्त फट मिळाली की टोकावर फ्लॅशचं कडं तयार होतं. ते कडं टाळूला आधी कळतं, केसांना नंतर.

टोकावरच्या गोळीबद्दल एक गैरसमज आहे: गोळी टाळूसाठी असते, केसांसाठी नाही. १.२ मिलिमीटरच्या दात्यावर २ मिलिमीटरची गोळी बसवली की गोळीखाली खाच तयार होते. ब्रश आत जाताना काही होत नाही, बाहेर निघताना केस त्या मानेत अडकतो आणि उलट्या दिशेने, म्हणजे खवल्यांच्या विरुद्ध खेचला जातो. गोळी १.६ ते १.८ वर आणा आणि खालचा भाग काटकोनात न ठेवता थेंबासारखा निमुळता उतरवा. दात्याचंच टोक ०.६ मिलिमीटर त्रिज्येने गोल केलं तर वेगळी गोळी लागतही नाही, फक्त मग दाता जरा मऊ हवा.

इपॉक्सीत बुडवून केलेल्या गोळ्या गळतात. गळल्यावर खाली राहतं ते कापलेलं, धारदार टोक. पाचशे ओढींनंतर एकही गोळी गळली, तर चिकटवण्याची रीत बदला. ‘एखादी गेली तर काय’ म्हणायची सोय नाही, कारण एकच उघडा दाता रोज त्याच रेषेत केस तासतो.

ताठपणा: थोडा व्यास, मोठा फरक

एका टोकाला धरलेल्या दात्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने घटतो. १.२ मिलिमीटर जाड, १५ मिलिमीटर लांब, २ गिगापास्कल लवचिकता गुणांकाचा (साहित्य मुळात किती ताठ याचं माप) दाता घेतला, तर टोक १ मिलिमीटर हलवायला सुमारे ०.१८ न्यूटन, म्हणजे १८ ग्रॅमचं बळ लागतं. व्यास १ मिलिमीटर केला की ते ९ ग्रॅमवर येतं. जाडी १.२ च ठेवून लांबी १८ केली की साधारण १०.५ ग्रॅम. म्हणून ‘दाते किंचित बारीक करून पाहू’ हा प्रयोग किंचित नसतो.

गुंत्यात दाता फार ताठ असेल तर केस तुटतो, फार मऊ असेल तर दाता गाठीवरून उडी मारतो आणि गाठ आहे तिथे राहते. दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण ओढीचं बळ कमी दिसतं आणि ब्रश ‘हळुवार’ वाटतो. वरचा थर उचलून खाली पाहा.

ओल्या केसांसाठीच्या ब्रशमध्ये नायलॉनची जात महत्त्वाची. नायलॉन ६ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी पितं आणि बरंच मऊ पडतं, नायलॉन ६.१२ सुमारे ३ टक्केच पितं. कोरडा ब्रश तपासून पास केला आणि न्हाणीघरात तोच लुळा पडला, असं झालं तर दाते रात्रभर पाण्यात ठेवून ताठपणा पुन्हा मोजा.

दाटी: गुंता सोडवणं आणि केस बसवणं ही दोन कामं

केस बसवण्यासाठी खूप संपर्कबिंदू लागतात, गुंता सोडवण्यासाठी कमी. एकाच उंचीच्या, एकाच अंतरावरच्या दात्यांकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की सगळे दाते एकाच गाठीला एकदम भिडतात आणि काट्यावर शेवटची उसळी दिसते.

सुरुवातीला ही मापं धरून चला: गुंत्याचे लांब दाते १६ मिलिमीटर उंच, ५ ते ६ मिलिमीटर अंतरावर, एकाआड एक सरकवलेल्या ओळींत. त्यांच्यामधे बसवणारे तंतू, ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर जाडीचे, लांब दात्यांपेक्षा ३ मिलिमीटर बुटके. तंतू दात्यांच्या बरोबरीने वर आले की ब्रश केसांवर तरंगतो. वरचा थर चकचकीत, आतला तसाच गुंतलेला, आणि मान हलवली की दहा मिनिटांत सगळं विस्कटतं. ‘ब्रश केल्यावर छान, ऑफिसला पोचेपर्यंत पिंजारले’ ही तक्रार बहुधा इथली असते, ओलाव्याची नव्हे.

रानडुकराचे राठ केस वापरत असाल तर पातळ केसांवर एकटे चालतात, कारण ते टाळूचं तेल लांबीभर पसरवतात. दाट केसांत ते आत पोचत नाहीत; झुपक्याच्या मधोमध नायलॉनचा एक लांब दाता हवाच. कृत्रिम तंतू असतील तर कापल्यानंतर टोकं घासून गोल केली आहेत का ते भिंगाखाली पाहा. कापलेल्या तंतूचं टोक म्हणजे धारदार कडेची नळकांडी, आणि एका ब्रशमध्ये अशी हजारो.

गादी

१ ते १.५ मिलिमीटर जाड रबर, खाली हवेची पोकळी, हवा आत-बाहेर जायला २ मिलिमीटरचं भोक. भोक विसरलं तर गादी फुग्यासारखी ताठ होते. भोक आहे म्हणून धुताना पाणी आत जातं आणि आत बुरशी धरते. दात्यांची बाजू खाली करून वाळवा, ही सूचना पाकिटावर हवीच.

केस पिंजारण्यात गादीचा वाटा वेगळ्याच जागी असतो. दाता वाकला की त्याच्या बुंध्याशी रबराचं भोक एका बाजूने उघडतं. केस त्यात शिरतो, दाता सरळ झाला की चिमटीत सापडतो आणि पुढच्या ओढीत उपटला जातो. रबरातलं भोक दात्याच्या व्यासाच्या साधारण ८० टक्के ठेवा म्हणजे रबर दात्याला आवळून धरेल, आणि बुंध्याभोवती दीड मिलिमीटर उंचीचा उंचवटा द्या. ब्रशमधून निघालेले केस बुंध्याशी घट्ट गुंडाळलेले दिसले, तर आधी हे भोक मोजा.

साधं रबर खनिज तेलाच्या केशतेलाने फुगतं आणि सैल पडतं. तेलाचे दोन थेंब गादीवर टाकून दोन आठवडे ठेवा, जाडी मोजा. वाढली असेल तर नायट्राइल रबर घ्या.

महिन्याने बिघडतं तेव्हा

दात्यांवर तेल, धूळ आणि फवाऱ्यांचा चिकट थर बसतो आणि ओढीचं बळ वाढतं. नवा आणि महिनाभर वापरलेला असे दोन ब्रश एकाच बटेवर लावा, मग वापरलेला धुऊन पुन्हा लावा. धुतल्यावर बरोबरीला आला तर आरेखनात साफसफाईची सोय कमी आहे. हा प्रश्न नवा नाही: न्यूयॉर्कच्या लायडा न्यूमन यांना १८९८ साली मिळालेल्या पेटंटमध्ये घाण साठायला आत कप्पा आणि सफाईसाठी सुटा होणारा दात्यांचा भाग होता. दात्यांच्या ओळी सरळ रेषेत ठेवून दोन ओळींमधे कंगव्याचा दाता जाईल एवढी फट राखली, तरी अर्धं काम होतं. धुऊनही फरक पडला नाही, तर वीजरोधक वाहून गेलं आहे, गोळ्या गळल्या आहेत किंवा नायलॉनवर चरे पडले आहेत. याच क्रमाने तपासा.

हे सगळं निस्तरल्यावरही मिठाच्या डब्यातली, ७५ टक्क्यांवरची बट तासाभराने फुगेल. न विंचरलेल्या बटेइतकीच फुगली, तर ब्रश निर्दोष आहे, आणि पाकिटावर ‘दमट हवेतही केस बसलेले राहतील’ असं छापायचं नाही.